काळ्या रंगाचे खाण्याचे समुद्री मासे : हलवा आणि इतर

प्रश्न असा आहे की, मासळी बाजारात दिसणाऱ्या काळसर, चपट्या समुद्री माशाला मराठीत नेमके काय म्हणतात; कारण एका कोळणीने त्याला ‘हलवा’ म्हटले, दुसऱ्या दुकानात तोच मासा ‘काळे पापलेट’ म्हणून विकला गेला, आणि मालवणकडील नातेवाइकांनी त्याला ‘सरंगा’ म्हणून ओळखले. तीनही नावे आपापल्या जागी प्रचारात आहेत आणि तिघांनीही बहुधा एकाच माशाविषयी सांगितले आहे. तो मासा म्हणजे हलवा. मात्र काळ्या रंगाचा खाण्याचा मासा एवढ्याच वर्णनावर विसंबून खरेदी केली, तर हलव्याच्या जागी निदान पाच-सहा निरनिराळे मासे पिशवीत येऊ शकतात आणि त्यांतील काही मासे समुद्रातले नसतातच. म्हणून नाव विचारताना ते कोणत्या गावचे आहे हे लक्षात घ्यावे आणि माशाच्या अंगावरची एखादी खूण स्वतः पाहून घ्यावी, असे मी अनेक वर्षे धक्क्यावरच्या मासळीची नोंद करण्याच्या कामातून शिकलो आहे आणि तेच येथे सविस्तर मांडतो.

हलव्याचे शास्त्रीय नाव पॅरास्ट्रोमॅटिअस नायजर असे आहे. जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी 1795 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्यांनी तो पापलेटसारखाच मासा मानून त्याच्या नावात ‘काळा’ या अर्थाचे ‘नायजर’ हे विशेषण जोडले. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची वर्गीकरणातली जागा पुन्हा पुन्हा बदलली. कित्येक जुन्या अहवालांत तो ‘फॉर्मिओ नायजर’ या नावाने आणि स्वतंत्र कुळात नोंदलेला सापडतो. आज तो कॅरँजिडी या कुळात, म्हणजे आपल्याकडील काटबांगड्याच्या कुळात गणला जातो, आणि त्याच्या प्रजातीत तो एकटाच आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, हलवा दिसायला पापलेटसारखा असला तरी तो पापलेट नाही. ‘काळे पापलेट’ हे नाव इंग्रजी व्यापारी नावावरून रुळले आहे आणि हॉटेलांत, गोठवलेल्या मासळीच्या पाकिटांवर व घरपोच मासे देणाऱ्या दुकानांत तेच चालते. ते वापरण्यात फसवणूक नाही. परंतु ‘पापलेट’ या शब्दामुळे विक्रेता पापलेटच्या जवळपासचा भाव सांगू लागला, तर तो मान्य करण्याचे कारण नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर हलवा सामान्यतः पापलेटपेक्षा स्वस्त असतो.

आता खुणा पाहू. ताज्या हलव्याचा रंग निव्वळ काळा नसतो. पाठीकडे तो करडा-निळसर किंवा तपकिरी असतो, पोटाकडे चंदेरी छटा येते आणि परांच्या, म्हणजे पोहण्याच्या पंखांच्या, कडा गडद असतात. अंग उंच, दोन्ही बाजूंनी दाबलेले आणि चौकट पत्त्यासारखे तिरके चौकोनी दिसते. कल्ल्यामागचे पर लांब आणि कोयत्यासारखे वळलेले असतात. पण सर्वांत भरवशाची खूण शेपटीच्या बुडाशी आहे. हलव्याच्या कुशीवरून जाणारी बारीक रेषा शेपटीजवळ येते, तेथे काही खवले टणक आणि किंचित धारदार झालेले असतात. बोट शेपटीकडून पुढे फिरवले की ते खरखरीत लागतात. पापलेटच्या शेपटीच्या बुडाशी असे काहीही लागत नाही, आणि त्याच्या अंगावरचे खवले इतके सैल असतात की हाताळतानाच झडून जातात. पोटाखालचे पर मोठ्या हलव्यालाही नसतात आणि पापलेटलाही नसतात, त्यामुळे ती खूण येथे उपयोगाची नाही. हलव्याच्या पिलांना मात्र हे पर असतात आणि मासा सुमारे 10 सेंटीमीटरचा होईपर्यंत ते नाहीसे होतात. बाजारात येणारा हलवा बहुधा 30 सेंटीमीटरच्या आसपास असतो, जरी तो 75 सेंटीमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे.

काही वेळा खरे पापलेटही काळसर दिसते. चायनीज पापलेट नावाचा जो मासा आपल्याकडे कापरी म्हणून विकला जातो, तो साध्या पापलेटपेक्षा करडा-तपकिरी असतो, त्याचे तोंड अधिक बोथट आणि शेपटी आखूड, कमी दुभंगलेली असते. हलव्याशी त्याची गल्लत करणारे बरेच भेटतात. तेथेही शेपटीच्या बुडाशी बोट फिरवले की प्रश्न मिटतो. कापरी हा चांगला आणि महाग मासा आहे, त्यामुळे या गोंधळात नुकसान विक्रेत्याचे होते.

‘सरंगा’ या नावाबाबत मात्र काळजी घ्यावी लागते, कारण किनारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो. पालघर जिल्ह्यात, विशेषतः पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीत, सरंगा म्हणजे मोठ्या मापाचे चंदेरी पापलेट. तेथील लिलावात आणि दरपत्रकांत हा शब्द माशाच्या आकाराची प्रत सांगतो. हेच चंदेरी पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्गात मात्र खानावळीच्या फळ्यावर ‘सरंगा थाळी’ लिहिलेली असेल, तर ताटात बहुतेक वेळा हलव्याची तुकडी येते. दोन्ही ठिकाणचे लोक आपापल्या परीने बरोबर आहेत आणि त्यांच्यापैकी कोणालाही चूक ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण पाहुणे म्हणून किंवा गिऱ्हाईक म्हणून जात असू, तर भाव ठरवण्यापूर्वी मासा डोळ्यांनी पाहणे हाच उपाय आहे. गोव्यात हलव्याला हळवो असे म्हणतात, गुजरातीत तो हलवोच आहे. तमिळमध्ये त्याला करुप्पु वव्वाल आणि तेलुगूमध्ये नल्ल चंदुवा म्हणतात. या शेवटच्या दोन्ही नावांत ‘काळा’ हा शब्द आहे, मराठीतल्या जुन्या नावात तो नाही. म्हणूनच कोळीवाड्यात जाऊन ‘काळा मासा द्या’ असे म्हटले तर समोरची बाई प्रतिप्रश्न करते.

आखाती देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक बाब विशेष लक्षात ठेवावी. इराणच्या किनाऱ्यावर हलवा हेच नाव चालते, पण ते दोन माशांसाठी : ‘हलवा सियाह’ म्हणजे आपला हलवा आणि ‘हलवा सफेद’ म्हणजे आपले चंदेरी पापलेट. कुवेतमध्ये पापलेटला झुबैदी म्हणतात आणि काळ्या माशाला हलवायो. म्हणजे कुवेतच्या बाजारात हलव्याशी जुळणारे नाव ऐकू आले तर ते आपल्या माशाचेच असते, परंतु इराणी दुकानात नुसते ‘हलवा’ म्हटल्यास काळा की पांढरा हे स्पष्ट करून घ्यावे लागते. अमेरिकेत ‘ब्लॅक कॉड’ या नावाने मिळणारा काळपट मासा तर उत्तर पॅसिफिकमधला सेबलफिश आहे; त्याचा हलव्याशी काही संबंध नाही आणि त्याचे तेलकट, मऊ मांस कालवणात टिकतही नाही.

ज्या एका अदलाबदलीविषयी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सावध करू इच्छितो, ती म्हणजे रूपचंद. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा असून आपल्या देशात, मुख्यतः आंध्र प्रदेशासारख्या राज्यांत, तळ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर वाढवला जातो. त्याचे अंग उंच आणि चपटे, पाठ काळपट-करडी आणि पोट तांबूस असते. किनाऱ्यापासून दूरच्या शहरांत तो ‘पापलेट’, ‘काळे पापलेट’, क्वचित ‘हलवा’ म्हणूनही खपवला जातो. महाराष्ट्रात आणि गोव्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या समुद्री माशांची आवक घटते आणि हा प्रकार वाढतो. रूपचंद खाण्यास योग्य आहे, स्वस्त आहे, आणि तो त्याच्या नावाने विकला जात असेल तर त्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. परंतु समुद्री माशाचे पैसे घेऊन तळ्यातला मासा देणे हा सरळ अप्रामाणिकपणा आहे. ओळखण्यासाठी दोन खुणा पुरेशा आहेत. पहिली अशी की, रूपचंदच्या पाठीवर मोठ्या पराच्या मागे, शेपटीजवळ, काटे नसलेला एक छोटा मांसल पर असतो. हलव्याला तो कधीही नसतो. दुसरी खूण तोंडात आहे : ओठ उघडून पाहिल्यास रूपचंदचे दात माणसाच्या दातांसारखे रुंद आणि ठळक दिसतात, तर हलव्याचे दात अगदी बारीक असतात. मासा कापून तुकड्या केल्यावर या खुणा हरवतात, म्हणून अखंड मासा पाहिल्याशिवाय तुकड्या घेऊ नयेत.

चपटा नसलेला, लांबट आणि गडद तपकिरी मासा विचारात असेल, तर तो बहुधा सकला. गोव्यात त्याला मोडसो म्हणतात, आणि व्यापारात तो कोबिया या नावाने जातो. त्याचे डोके रुंद व चपटे असते, कुशीवरून डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा जातो, आणि पाठीवरच्या मोठ्या पराच्या पुढे सात ते नऊ आखूड, सुटे काटे एका ओळीत उभे असतात. हे सुटे काटे ही त्याची ठळक खूण आहे. शार्कला चिकटून फिरणाऱ्या चिकटमाशाशी त्याचे साम्य आहे, परंतु चिकटमाशाच्या डोक्यावर जी पट्टेदार चकती असते ती सकल्याला नसते. सकल्याचे मांस पांढरे, घट्ट आणि कमी काट्यांचे असते. सुरमईच्या तोडीचे असूनही ते अनेकांना ठाऊक नाही याची मला नेहमी खंत वाटते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्राने 2010 मध्ये या माशाचे बीज, म्हणजे वाढवण्यासाठीची पिले, बंदिस्त अवस्थेत तयार करण्यात यश मिळवले, आणि समुद्रातील पिंजऱ्यांत तो फार वेगाने वाढत असल्यामुळे पुढील काळात तो बाजारात अधिक दिसू लागण्याची शक्यता आहे. नावाबाबत एकच सूचना करतो : गोव्यातील मोडसो आणि मुडदुशी हे कानाला जवळचे वाटतात, परंतु मुडदुशी म्हणजे वाळूत राहणारा, फिकट रंगाचा, नाजूक, छोटा मासा, ज्याला उत्तर कोकणाकडे नगली म्हणतात. फोनवरून मासे मागवताना या दोन नावांची गल्लत झाल्यास वितभर माशांऐवजी कित्येक किलोंचा मासा दारात येऊ शकतो.

हेकरू हा खडकाळ तळाचा मासा. गोव्यात तो गोबरो आणि आपल्याकडेही कित्येक ठिकाणी गोबरा म्हणून ओळखला जातो. त्याच्या अनेक जाती आहेत, काही तपकिरी, काही ठिपक्यांच्या, काही आडव्या गडद पट्ट्यांच्या. जाड ओठ, मोठे तोंड आणि गोलसर शेपटी एवढे पाहिले तरी हलव्याशी गोंधळ होत नाही. भाकस हा दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला चपटा मासा. डोळ्यांची बाजू गडद तपकिरी आणि खालची बाजू पांढरी असते, आणि तोंड मोठे व दातेरी असते. त्याच घडणीचा, पण अरुंद आणि जिभेसारखा निमुळता मासा म्हणजे लेपी.

शिंगाळ्याविषयी मात्र थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे. हा करडा-काळा, खवले नसलेला, मिशा असलेला मासा असून त्याच्या लहान आकाराला शिंगटी आणि गोव्यात सांगट म्हणतात. पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांचा पहिला काटा करवतीसारखा कडक आणि विषारी असतो. तो टोचला तर कित्येक तास तीव्र वेदना होतात, म्हणून घरी अखंड शिंगाळा आणू नये आणि काटे बाजारातच तोडून घ्यावेत. या माशाच्या बहुतेक समुद्री जातींमध्ये मादीने घातलेली गोटीएवढी मोठी अंडी नर आपल्या तोंडात घेऊन उबवतो, आणि पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तो जवळजवळ काहीही खात नाही. अशा नरांचे थवे एकत्र असताना 1980 च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती टाकून तळाशी आवळण्याच्या, जाळ्यांत मोठ्या संख्येने पकडले गेले. नराबरोबर तोंडातली सगळी पिढीही नष्ट झाली, आणि तेथील शिंगाळ्याचे उत्पादन पुढे ढासळले. तोंडात अंडी किंवा पिले असलेला शिंगाळा विक्रीस आलेला दिसला, तर तो विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक नाही म्हणते हे लक्षात आल्याशिवाय तो बाजारात येणे थांबणार नाही.

कित्येकदा विचारणाऱ्याच्या मनात कातडीचा नव्हे, तर मांसाचा काळा रंग असतो. तसे असेल तर उत्तर कुपा हे आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला गेदर म्हणतात. हा टूना जातीचा मासा असून त्याची पाठ निळी-काळी आणि मांस गडद तांबडे असते, कारण सतत वेगाने पोहणाऱ्या स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारे रंगद्रव्य भरपूर असते. शिजवल्यावर ते तपकिरी-करडे होते. त्यात वाईट काही नाही. काळजी वेगळ्या गोष्टीची घ्यावी लागते : कुपा, बांगडा यांसारखे मासे पकडल्यानंतर बर्फाशिवाय उन्हात राहिले, तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टॅमिन हे अपायकारक द्रव्य तयार होते, आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगाला खाज सुटणे अशी लक्षणे दिसतात आणि लोक त्यास माशाची ॲलर्जी समजतात. हलव्यापेक्षा कुप्याच्या बाबतीत बर्फाविषयी अधिक काटेकोर राहावे.

राहिले काळुंदर आणि घोळ. काळुंदर हा नावाने आणि रंगाने काळसर असला तरी तो खाडीतला, खाजणातला मासा आहे. केरळात जो करिमीन म्हणून नावाजला आहे, तोच हा. समुद्री माशांच्या यादीत त्याला घालू नये. घोळ या माशाच्या अंगावर, विशेषतः लहान वयात, काळे ठिपके आणि डाग असतात आणि इंग्रजी नावातही काळ्या ठिपक्यांचा उल्लेख आहे, परंतु मोठा घोळ चंदेरी-करडा असतो. 2023 मध्ये गुजरातने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याची ख्याती मांसापेक्षा पोटातील हवेच्या पिशवीमुळे आहे, जी वाळवून परदेशी पाठवली जाते आणि फार मोठ्या किमतीला जाते.

आता पुन्हा हलव्याकडे येतो, कारण प्रश्न मुळात त्याचा आहे आणि त्याची निवड करताना गडद रंगामुळे एक अडचण येते. पांढऱ्या पापलेटवर शिळेपणाचे पिवळे डाग आणि रक्ताळलेले चट्टे लगेच दिसतात. हलव्याच्या करड्या कातडीवर ते लपतात. म्हणून रंगावरून ताजेपणा ठरवू नये. कल्ले उचलून पाहावेत. ते लाल आणि ओलसर असले पाहिजेत, विटकरी किंवा करडे झालेले नसावेत. डोळे फुगीर आणि स्वच्छ असावेत. पोट बोटाने दाबले असता खळगा राहू नये, कारण हलव्याचे पोटच सर्वांत आधी मऊ पडते. ताज्या माशाच्या कातडीवर कांस्यासारखी चमक आणि पातळ, पारदर्शक चिकटपणा असतो. बर्फात फार दिवस राहिलेला मासा राखेसारखा निस्तेज होतो. हाताच्या पंजाएवढीही लांबी नसलेली हलव्याची पिले विकत घेऊ नयेत. महाराष्ट्राने 2023 मध्ये माशांच्या 54 जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिले आहेत, आणि त्या आदेशाचा उपयोग गिऱ्हाइकाने लहान मासा नाकारला तरच होतो.

स्वयंपाकाविषयी एवढेच सांगतो की, हलव्याची कातडी सोलण्याची गरज नसते. बारीक खवले घासून काढावेत, शेपटीजवळचे टणक खवले सुरीने उडवावेत आणि आडव्या, बोटाच्या जाडीच्या तुकड्या कराव्यात. त्याचे मांस पापलेटपेक्षा घट्ट असल्यामुळे कोकम घातलेल्या आंबट कालवणात तुकडी फुटत नाही, आणि हळद, मीठ, लाल तिखट व आमसुलाचा आगळ लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळल्यास ती आतून ओलसर राहते. काळ्या कातडीमुळे मुले नाक मुरडतात असे काही जण सांगतात. त्यांच्यासाठी मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंचे मांस सोडवून द्यावे, ते पापलेटइतकेच पांढरे असते.